मीठ गेलं कुठं? सातवीच्या वर्गातलं एक प्रकरण

चाचणीतला प्रश्न नेहमीचा होता. पाण्यात मीठ टाकून ढवळलं तर काय होतं, कारणासह लिहा. बहुतेक मुलांनी 'मीठ विरघळते, द्रावण तयार होते' असं लिहून दोन गुण मिळवले. एका मुलीनं लिहिलं होतं, 'मीठ वितळून जाते. नंतर ते राहत नाही.' मी लाल पेनानं काट मारली, शेजारी 'विरघळते' असं लिहिलं आणि पुढचा पेपर ओढला.

दुसऱ्या दिवशी पेपर वाटले तेव्हा ती टेबलाशी येऊन उभी राहिली. गुण वाढवून मागायला आली नव्हती. म्हणाली, "मॅडम, खरंच राहत नाही. आमचे पप्पा रंगाच्या टाकीत पोत्यानं मीठ टाकतात. नंतर सूत खारट लागत नाही."

"तू चाखलंस?"

"लहान होते तेव्हा. आता नाही."

रंगवलेलं सूत तोंडात घालायचं नाही, हे आधी सांगितलं. मग दरवर्षी देते तेच उत्तर दिलं: मीठ दिसेनासं होतं, पण पाण्यात असतंच, म्हणून तर पाणी खारट लागतं. ती शांतपणे म्हणाली, "पण सूत नाही ना लागत."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुस्तकातलं वाक्य बरोबर होतं, तिचा अनुभवही खरा होता, आणि दोन्हींची गाठ कुठे पडते हे मी तिला दाखवलेलं नव्हतं. पुढचे जवळपास दोन आठवडे आमचा वर्ग या एका प्रश्नामागे लागला. पदार्थांचे गुणधर्म आणि मिश्रणं हे धडे त्यात झाले, पण पुस्तकाच्या क्रमानं नाही. जे घडलं ते चुकांसकट लिहिते आहे.

आमची शाळा सोलापूरच्या पूर्व भागात आहे. मधल्या सुट्टीत गलका थांबला की गल्लीतल्या यंत्रमागांचा आवाज ऐकू येतो. चादर, टॉवेल, सूत, रंग हे या मुलांच्या घरचे शब्द आहेत. त्यामुळे एखादी मुलगी मीठ म्हटल्यावर स्वयंपाकघराआधी रंगाची टाकी आठवते, यात नवल नाही. नवल असेल तर ते इतकंच, की इतकी वर्षं इथे शिकवूनही मी विज्ञानाच्या तासाला त्या टाकीचं नाव काढलं नव्हतं.

तिच्या उत्तरात दोन वेगळ्या गोष्टी गुंतल्या होत्या. एक शब्दाची: वितळणे की विरघळणे. दुसरी वस्तुस्थितीची: मीठ उरतं की नाही. मी काट मारली ती पहिल्या गोष्टीवर. तिचा खरा प्रश्न दुसरा होता. तरीही सुरुवात शब्दापासूनच केली, कारण तो सुटल्याशिवाय वर्गात कोण काय म्हणतंय हेच कळेना.

एकच क्रियापद

वर्गाला विचारलं, बर्फाचं काय होतं? काही म्हणाले वितळतो, काही म्हणाले विरघळतो. साखरेचं? तिथेही दोन्ही. घरी बोलताना आपण मोठी माणसंही 'आइस्क्रीम विरघळलं' म्हणतो आणि 'साखर वितळली का बघ' असंही म्हणतो. बोलीत चालून जातं.

पण इथे आणखी एक पदर होता. निम्म्याहून जास्त मुलांच्या घरी तेलुगू बोलतात, काहींच्या घरी कन्नड. त्यांना विचारलं, चहात साखर टाकली आणि ती दिसेनाशी झाली, तर आई काय म्हणते? 'करिगिपोयिंदि.' आणि मेणबत्ती पेटवल्यावर मेणाचं काय होतं? 'करिगिपोयिंदि.' कन्नडवाल्यांनी दोन्हीला 'करगितु' म्हटलं. दोन्ही भाषांत वितळणं आणि विरघळणं यांना एकच क्रियापद पुरतं. ज्या मुलीच्या पेपरवर मी काट मारली होती ती घरच्या भाषेत अगदी बरोबर विचार करत होती. मराठीत येताना दोन शब्दांतला एक निवडावा लागतो आणि तिचा हात दुसऱ्या शब्दावर पडला. उर्दू बोलणाऱ्या घरातला एक मुलगा मात्र लगेच म्हणाला, "मॅडम, नमक घुलता है, बरफ पिघलती है." त्याच्या घरी शब्दच दोन होते.

फळ्यावर व्याख्या लिहून हा भेद पक्का झाला नसता. जानेवारीचे दिवस होते, गड्ड्याची जत्रा नुकतीच उलगली होती आणि सकाळी हवेत गारवा होता. एका मुलाला घरून खोबरेल तेलाची बाटली आणायला सांगितली. तेल गोठून पांढरं झालेलं होतं. बाटली तशीच वजनकाट्यावर ठेवली, मग कोमट पाण्याच्या पातेल्यात उभी केली. पाच-सात मिनिटांत तेल पातळ झालं. बाटली पुसून पुन्हा वजन केलं, तेवढंच. खोबरेल तेल २४ अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतं. त्यात दुसरं काही मिसळावं लागलं नाही, लागली ती फक्त उष्णता. आणि सावलीत नेलं की तेच तेल पुन्हा गोठतं.

मग स्टीलच्या चमच्यात चिमूटभर मीठ घेऊन स्पिरिटच्या दिव्यावर मी स्वतः धरलं, मुलांना मागे उभं करून. मीठ तडतडलं, दोन दाणे उडाले, पण वितळलं नाही. मिठाचा द्रवणांक ८०१ अंश सेल्सिअस आहे. मे महिन्यात सोलापूरचा पारा ४३-४४ वर गेला की आपण भाजून निघतो, मिठाला त्याचं काहीच वाटत नाही. मागून कुणीतरी म्हणालं, "मग पाण्यात कसं वितळेल? पाणी तर थंडच हाय की." एवढ्यासाठीच हा खटाटोप केला होता. वितळायला एक पदार्थ आणि पुरेशी उष्णता लागते. विरघळायला दोन पदार्थ लागतात, एक विरघळणारा आणि एक विरघळवणारा. पुस्तकातले 'द्राव्य' आणि 'द्रावक' हे शब्द मी त्यानंतरच काढले.

साखर चमच्यात धरा असा आग्रह झाला. धरली. ती पातळ झाली खरी, पण तपकिरी होऊन करपली आणि थंड झाल्यावर पुन्हा साखर झाली नाही. तो विषय रासायनिक बदलांचा, म्हणून तिथेच सोडला.

दोन ग्रॅम

शब्द सुटला, पण ती मुलगी तिच्या मुद्द्यावर ठाम होती. विरघळलं म्हणा, पण राहिलं कुठे?

प्रयोगशाळेत चाखायचं नाही हा आमचा नियम आहे आणि तो मी एका प्रश्नासाठी मोडणार नव्हते. म्हणजे जिभेशिवाय दुसरा पुरावा हवा. वजनाचा मार्ग सगळ्यात सरळ. स्वयंपाकघरातला इलेक्ट्रॉनिक काटा आणला, एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा. भांड्याचं वजन वजा करून २०० ग्रॅम पाणी घेतलं, कागदावर ५० ग्रॅम खडे मीठ मोजलं. मीठ पाण्यात ओतलं, चमच्यानं ढवळलं, चमचा बाजूला ठेवला आणि काट्याकडे पाहिलं. २४८.

"गेलं बे दोन ग्रॅम!" मागचा बाक ओरडला. ती मुलगी काहीच बोलली नाही, फक्त माझ्याकडे बघत राहिली.

'काट्याची चूक असेल' म्हणून पुढे जाणं सोपं होतं. पूर्वी मी ते केलेलं आहे. या वेळी दोन ग्रॅम शोधायचे ठरवले. आधी कागद झटकला, घडीत मिठाचे खडे अडकलेले निघाले. मग चमचा पाहिला, त्याला खारं पाणी चिकटलं होतं. टेबलावर दोन थेंब होते. पुन्हा नव्यानं केलं: मीठ थेट भांड्यावर मोजलं, चमच्याचं वजन आधीपासून धरलं आणि ढवळून तो भांड्यातच ठेवला. या वेळी २५०.

मला वाटतं, पहिल्याच झटक्यात २५० आले असते तर वर्गाला एवढं पटलं नसतं. हरवलेले दोन ग्रॅम जेव्हा कागदाच्या घडीत सापडतात, तेव्हा 'पदार्थ नाहीसा होत नाही' हे वाक्य हाताला लागतं.

वजन पूर्ण आलं, पण पातळीनं नवाच घोळ घातला. मोजपात्रात कोरडं मीठ ओतलं तेव्हा ५० ग्रॅम मिठाचा ढीग ४० मिलिलिटरच्या थोडा वर भरला होता. तेच मीठ २०० मिलिलिटर पाण्यात विरघळल्यावर पातळी वाढली फक्त १८ मिलिलिटरच्या आसपास. मग उरलेली जागा कुठे गेली? मुलांना हा वजनापेक्षा मोठा चमत्कार वाटला, आणि 'बघा, थोडं तरी गेलंच' असा सूर पुन्हा लागला.

म्हणून तिसरं मोजमाप केलं. तेलात मीठ विरघळत नाही. २०० मिलिलिटर गोडेतेलात ५० ग्रॅम मीठ टाकलं, हवेचे बुडबुडे निघून जाईपर्यंत हळूहळू ढवळलं. पातळी २२-२३ मिलिलिटरनी वाढली. म्हणजे मिठाच्या खड्यांचं खरं आकारमान तेवढंच, ढिगातली बाकीची जागा खड्यांमधल्या हवेची. मिठाची घनता दर घन सेंटिमीटरला साधारण २.१६ ग्रॅम आहे. ५० ला २.१६ नं भागा, उत्तर २३ च्या जवळ येतं. आकडा गणितातून आधी काढला असता तर कुणी वहीबाहेर बघितलं नसतं. तेलातून आकडा आला आणि मग भागाकार जुळला, तेव्हा वर्गात खसखस पिकली.

राहता राहिले चार-पाच मिलिलिटर. तेवढी जागा मात्र पाण्यात खरंच आकसते. मिठाचे अतिसूक्ष्म कण पाण्याच्या कणांच्या अधेमधे शिरतात आणि पाण्याच्या कणांना स्वतःभोवती ओढून घेतात. ज्वारीच्या मापात मोहरी ओतली तर माप मोहरीएवढं वाढत नाही, हे उदाहरण मी दिलं, पण ते अर्धंच लागू पडतं हेही सांगितलं: मोहरी ज्वारीला ओढून घेत नाही. सातवीला एवढं पुरे.

खारं पाणी साध्या पाण्यापेक्षा दाट झालंय हे बटाट्यानं दाखवलं. साध्या पाण्यात बटाट्याची फोड बुडाली, आमच्या २५० ग्रॅमच्या भांड्यात तरंगली. इथे मुलं म्हणाली, "मॅडम, पाणी जड झालं." मी थांबवलं. आपल्याकडे 'जड' हा शब्द फार कामं करतो. पोतं जड, बोअरचं पाणी जड, डोकं जड. २५० ग्रॅम खारं पाणी २५० ग्रॅम साध्या पाण्यापेक्षा जड नसतं. तेवढ्याच जागेत जास्त वस्तुमान मावलेलं असतं. त्याला घनता म्हणायचं. हा भेद एका तासात बसला नाही, आणि बसेल अशी माझी अपेक्षाही नव्हती.

गच्चीवरची ताटं

आता मीठ परत काढून दाखवायचं होतं. एका मुलानं गाळण्याचा उपाय सुचवला. गाळला. खडे मीठ असल्यानं गाळणीच्या कागदावर मातीचा करडा थर राहिला आणि खाली नितळ पाणी आलं. गाळलेल्या पाण्यात बटाटा तसाच तरंगला. म्हणजे कागदानं माती अडवली, मीठ अडवलं नाही. विरघळलेल्या पदार्थाचे कण कागदाच्या छिद्रांपेक्षा कितीतरी लहान असतात. गाळण, चाळण, पाखडण, निवळणं या सगळ्या पद्धती पुस्तकात एका पानावर असतात, पण कोणती कुठे चालत नाही हे सांगायला त्या पानावर जागा नसते. मला वाटतं तेच आधी शिकवावं.

गाळलेलं पाणी दोन मोठ्या स्टीलच्या ताटांत पातळ पसरून गच्चीवर ठेवलं, वर मलमलचं फडकं बांधलं. सोलापूरच्या कोरड्या हवेत दुसऱ्या दिवशी दुपारी ताटं वाळली. तळाशी पांढरे चौकोनी कण होते. भिंगातून पाहिल्यावर मुलांनी ते ठोकळे ओळखले. खरवडून वजन केलं, ४८ ग्रॅम. या वेळी दोन ग्रॅमवरून कुणी ओरडलं नाही. उलट एकानं गाळणीचा कागद वाळवून आणला आणि म्हणाला, "थोडं यात असणार, माती पण आणि मीठ पण."

याच वेळी ती मुलगी म्हणाली, "हे पाण्यातलं झालं. सुताचं काय?"

सूत

इथे तिच्या वडिलांची मदत झाली. ते रंगाईच्या कारखान्यात काम करतात. पालकसभेला आले होते, तेव्हा विचारलं. त्यांनी जे सांगितलं ते एवढं नेटकं होतं की मी वहीत उतरवून घेतलं. सुताच्या लडी आधी नुसत्या पाण्यात चांगल्या भिजवून घ्यायच्या, मग रंग सोडायचा, मग मीठ दोन-तीन हप्त्यांत टाकायचं, शेवटी धुण्याचा सोडा. टाकीचं पाणी ६० अंशांच्या आसपास ठेवायचं. मीठ नसेल तर रंग पाण्यातच राहतो, सुताला धरत नाही. "एकदम टाकलं तर डाग पडतात मॅडम, म्हणून हप्त्यानं." आणि मग पाणी सोडून धुलाई, साबणाची उकळी, पुन्हा धुलाई.

कारण असं आहे: सुती धागा पाण्यात गेला की त्याच्यावर किंचित ऋण विद्युतप्रभार येतो. या रंगांचे कणही ऋण प्रभाराचे असतात, म्हणून दोघं एकमेकांना दूर सारतात. मिठाचे धन प्रभाराचे सोडियमचे कण मध्ये आले की हा विरोध कमी होतो आणि रंग धाग्याजवळ जातो. वर्गात मी एवढंच सांगितलं की मीठ रंगाला सुताकडे ढकलतं, पण स्वतः मीठच राहतं. गडद रंगाला लिटरमागे ६० ग्रॅम किंवा त्याहूनही जास्त मीठ लागतं. १०० किलो सुताला १,००० लिटर पाणी धरलं तर ६० किलो मीठ. मुलीचं 'पोत्यानं' अतिशयोक्तीचं नव्हतं, उलट कमीच होतं.

आम्ही टाकी पाचहजारपट लहान केली. २० ग्रॅम पांढरं सूत, २०० मिलिलिटर पाणी, १२ ग्रॅम मीठ. रंग नाही, सोडा नाही. अर्ध्या तासानं सूत पिळून काढलं. ते न धुता वाळवलं तेव्हा काडीसारखं ताठ झालं, त्यावर पांढरी पूड दिसत होती आणि वजन भरलं २२ ग्रॅम. भांड्यात उरलेलं पाणी आटवलं, १० ग्रॅम मीठ मिळालं. १० आणि २, बारा. पहिलं उत्तर इथेच मिळालं: बहुतेक मीठ सुतावर गेलंच नव्हतं, टाकीतच राहिलं होतं.

सुतावरच्या दोन ग्रॅमसाठी सूत तीन वेगवेगळ्या पाण्यांत धुवायचं आणि प्रत्येक पाणी वेगळ्या ताटलीत आटवायचं ठरलं. चौथ्या ताटलीत नुसतं पाणी, तुलनेसाठी. हे चौथ्या ताटलीचं मुलांना सुरुवातीला पटेना. नुसत्या पाण्यातून काय निघणार?

निघालं. आम्ही शाळेच्या बोअरचं पाणी वापरलं होतं. चारही ताटल्या वाळल्यावर पहिलीत जाड पांढरा थर होता, पण दुसरी, तिसरी आणि नुसत्या पाण्याची चौथी यांत फरक करता येईना. सगळ्यांत पांढरट पापुद्रा. इथल्या बोअरचं पाणी ज्यांच्या घरात येतं त्यांना बादलीच्या कडेवरचा, गिझरच्या कांडीवरचा हा थर माहीत असतो. दिसायला नितळ पाणी हेही मिश्रणच, त्यात खडकातून विरघळून आलेले क्षार असतात. धड्यात 'शुद्ध पदार्थ आणि मिश्रण' असं शीर्षक आहे आणि उदाहरण म्हणून पाण्याचा पेला काढलेला असतो. आमच्या चौथ्या ताटलीनं त्या चित्राला प्रश्न विचारला, आणि प्रयोग बिघडला तरी मला ती ताटली सगळ्यात मोलाची वाटते.

प्रयोग पुन्हा करायचा म्हणजे पाणी पुन्हा लागणार. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे मुलांना ते खर्चायला संकोच वाटत होता. बोअरचं धुण्याचं पाणी त्यांनी झाडांना घालायला घेतलं. पहिलं पाणी खारट आहे, त्यानं झाड सुकेल, हे त्यांच्यातलाच एक म्हणाला आणि ते वेगळं ठेवलं. मग क्षार काढलेलं जारचं पाणी आणलं, प्रत्येक धुण्याला २०० मिलिलिटर.

या वेळी ताटल्या बोलल्या. पहिल्या धुण्यात पांढरा थर. दुसऱ्यात बोट फिरवलं तर जाणवेल इतका पातळ पापुद्रा. तिसरी ताटली आणि नुसत्या जारच्या पाण्याची चौथी, दोन्ही सारख्याच चकचकीत. धुतलेलं सूत वाळवून काट्यावर ठेवलं, २० ग्रॅम. हाताला मऊ.

हिशोबही जमतो. पिळलेल्या सुतात साधारण ३० मिलिलिटर पाणी राहतं. २०० मिलिलिटरमध्ये धुतलं की सुतात उरलेलं मीठ सगळ्या पाण्यात पसरतं आणि पिळल्यावर सुतात त्याचा साधारण आठवा हिस्साच राहतो. पुन्हा धुतलं की त्याचाही आठवा हिस्सा. दोन ग्रॅमचे पाव ग्रॅम, पाव ग्रॅमचे तीसेक मिलिग्रॅम. आई कपडे तीन पाण्यांतून का काढते, याचं कारण कुणीतरी न विचारताच सांगितलं. एकाच बादलीभर पाण्यात एकदा धुण्यापेक्षा तेच पाणी तीन वाट्यांनी वापरलेलं जास्त कामाला येतं.

मुलीनं वहीत तिच्या चाचणीतलं वाक्य खोडलं नाही. त्याखाली लिहिलं: 'मीठ विरघळते. थोडे सुताबरोबर येते. धुताना तेही पाण्यात जाते. म्हणून सूत खारट लागत नाही.' मी तिचे दोन गुण दिले. चाचणीचे गुण मागाहून बदलावेत का, यावर दुमत असू शकतं. माझ्या मते तिच्या पहिल्या वाक्यात निरीक्षण होतं आणि पाठ केलेल्या उत्तरांत ते नव्हतं.

पुढचा प्रश्न तिच्या वडिलांनी काढला. ते ताटल्या बघायला आले होते. पहिल्या ताटलीकडे बघून म्हणाले, "म्हणजे आमचं साठ किलो सगळं गटारात जातं." हो, जातं. आणि गाळणीच्या कागदानं आम्हाला आधीच दाखवलं होतं की ते गाळून निघत नाही. सांडपाण्यातला गाळ, रंगाचा बराच भाग वेगळा करता येतो, पण मिठासाठी पाणी दाबानं सूक्ष्म पडद्यातून ढकलावं लागतं किंवा आटवावं लागतं, आणि दोन्हीला वीज किंवा इंधन लागतं. तमिळनाडूत तिरुप्पूरच्या रंगाई कारखान्यांच्या सांडपाण्यामुळे नोय्यल नदी खराब झाली आणि २०११ साली मद्रास उच्च न्यायालयाने तिथले कारखाने बंद करण्याचा आदेश दिला. आमच्या गच्चीवर दोन ताटं उन्हात ठेवून जे झालं तेच तिथे हजारो लिटरमागे करावं लागतं. त्यांनी ते शांतपणे ऐकलं. मीही यापुढे काही सांगितलं नाही, कारण त्या कामावर त्यांचं घर चालतं आणि तो प्रश्न त्यांच्या एकट्याचा नाही.

जाताना त्यांनी लाल रंगवलेल्या सुताची एक छोटी लडी मुलीच्या हातात दिली होती. दुसऱ्या दिवशी ती घेऊन आली आणि म्हणाली, "मॅडम, मीठ धुतलं की जातं. मग रंग का नाही जात? तो पण पाण्यातच टाकलेला ना?"

मी उत्तर दिलं नाही. खाण्याचा लाल रंग पाण्यात कालवून त्यात पांढरं सूत बुडवायला लावलं, वाळवलं. मग दोन ग्लासांत जारचं पाणी घेऊन एकात तिच्या वडिलांची लडी आणि दुसऱ्यात आमचं सूत सोडलं. शाळा सुटेपर्यंत आमच्या सुताचं पाणी लालभडक झालं होतं. लडीचं पाणी होतं तसंच होतं. "हा कच्चा, हा पक्का," एक मुलगा म्हणाला. रंगाईवाल्यांच्या घरात हे शब्द जन्मापासून ऐकलेले असतात. कच्चा रंग सुतावर नुसता बसलेला, मिश्रणासारखा, म्हणून पाण्यानं वेगळा होतो. पक्का रंग सोड्याच्या मदतीनं धाग्याशी रासायनिक बंधानं जोडला गेलेला, म्हणून धुऊन, गाळून, आटवून कशानंच सुटत नाही. मिश्रण आणि संयुग यांतला फरक पुढच्या धड्यात आहे. दोन्ही ग्लास खिडकीत तसेच ठेवले आहेत, सोमवारी तिथूनच सुरुवात करायची आहे.